खाडा

अर्जाचं पाचवं पान.
'तीन महिन्यांहून मोठा खंड असल्यास कारण द्या.'
खाली चौकट, आणि चौकटीच्या कोपऱ्यात
उरलेल्या अक्षरांचा आकडा: पाचशे.

केटरिंगमध्ये साडेचारलाच अंधारलंय.
शेजारच्या ब्रायनने कचऱ्याचे डबे फुटपाथवर काढलेत,
उद्या गुरुवार, निळ्या डब्याचा.
माझा खंड बावीस महिन्यांचा.

शलाका फोनवर म्हणाली, अगं, महिने घालूच नकोस.
नुसती सालं घाल. सोळा ते बावीस,
मग तेवीसपासून ते औषधाचं दुकान.
टोकाला टोक लागतं. असं रफू, की धागा दिसायचा नाही.
तिच्या नवऱ्याने तसंच केलं होतं,
आता मॅनेजर आहे मिल्टन कीन्सला.
नाहीतर लिही, कन्सल्टिंग करत होते.
कुणाला सल्ला दिला मी?
जिन्याला.

सहा वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळल्या मी,
तिथे पहिला धडा हाच:
नमुना कमी पडला तर 'अपुरा' लिहायचं,
फुटला तर 'फुटला'.
मोकळ्या रकान्यात अंदाजाचा आकडा घालायचा नाही.
त्या आकड्यावर उद्या कुणीतरी
कुणाला तरी औषध देणार असतं.

आमच्याकडे याला शब्द होता, खाडा.
सांगलीला स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर,
त्यावर आई पेन्सिलीने सगुणाबाईंचे खाडे मांडायची.
एक फुली, दोन फुल्या,
महिनाअखेर तेवढे पैसे कापून.
एकदा सलग नऊ फुल्या होत्या.
दहाव्या दिवशी त्या आल्या, पदर खोचला,
भांड्यांना बसल्या.
आईने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
मी तेव्हा सातवीत, गणितात हुशार.
नऊ भागिले तीस मीच करून दिलं होतं.

निनाद बारा वर्षांचा. एका सोमवारी
गणवेश घालून जिन्यावर बसला, एका पायात बूट,
आणि उठला नाही.
मंगळवारीही नाही.
शाळेची पत्रं आली, मग पत्रांत दंडाची भाषा आली,
मग हॉलिंग्टनबाई आल्या, मांडीवर फाईल घेऊन
सोफ्याच्या काठावर बसल्या, चहा नको म्हणाल्या.
सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, दोन ठेवून दे.
ठेवली मी एकदा. एकच.
ती मावेल का या चौकटीत?
मग नोकरी सोडली
आणि त्याच्या खालच्या पायरीवर बसू लागले.
कधी बोललो. बहुतेक वेळा नाही.
कार्पेटचा एक धागा त्याने उसवत नेला,
पहिल्या वर्षअखेर तो हातभर झाला होता.

लिहिलं:
'माझा मुलगा शाळेत जाऊ शकत नव्हता.
तो जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसायचा. मी सोबत बसायचे.
या काळात मी कोणतंही प्रशिक्षण घेतलं नाही,
कौशल्य वाढवलं नाही.
आता तो आठवड्यातले चार दिवस जातो.'

टोस्ट चावल्याचा आवाज आला तेव्हा कळलं,
तो मागे उभा राहून वाचतोय.
स्क्रीन झाकावी असं वाटलं. झाकली नाही.

'चौथी,' तो म्हणाला.
काय चौथी?
'पायरी. मी चौथीवर असायचो.
तिसरीवर तू होतीस. तिसरी करकरते.'

आणि वर गेला, दोन-दोन पायऱ्या घेत.

मी तिसरी खोडून चौथी केली.
अजून बरीच अक्षरं शिल्लक होती.
ती तशीच ठेवली.