फार्गोच्या रस्त्यावर

गव्हाच्या कोठारासमोर, फार्गोला जाणाऱ्या रस्त्याकडेला
मर्ना हॉल्वर्सनने घडीची खुर्ची मांडली,
त्याला आज एकोणीस दिवस.
पुठ्ठ्यावर एवढंच: माझा डेल कशासाठी?

न्हाव्याच्या दुकानात रोज निकाल लागतो.
पोराच्या मरणाचं भांडवल करते, म्हणतो एक.
तिचं पोर, तिचा प्रश्न, म्हणतो दुसरा, कापडाखालून.
पाद्री म्हणाले, शोकालाही मर्यादा असते.
किती, ते नाही सांगितलं.
नवरा समोरून ट्रक नेतो, मान न वळवता;
ट्रकवरचा झेंडा अजून कोरा करकरीत.

मी शाळेची बस चालवतो, चोवीस वर्षं.
डेल शेवटून दुसऱ्या थांब्यावर चढायचा,
कायम उशिरा, एका बुटाची नाडी लोळत.
मी हॉर्न वाजवायचो.
ती दारातून ओरडायची:
थांबा हो, येतोय तो!

माझं मत कुणी विचारलेलं नाही.
मीही गेलो होतो, मागच्या युद्धात.
परत आलो, एवढंच मला त्याबद्दल माहीत आहे.

दुपारी रिकामी बस घेऊन येताना
तिच्यापाशी वेग आपोआप उतरतो.
हात हॉर्नवर जातो
आणि तिथेच राहतो.