शून्याचा रकाना

सियागंजात, हिंगाच्या दुकानावरच्या माळ्यावर
माझं टेबल. खाली तय्यबभाई रंगवाला
कोपरापर्यंत हात पोत्यात घालतात,
तळातली एक लवंग वर काढून नखाने दाबतात.
तेल सुटलं की जिन्यातून हाक येते,
"जकाते बाई, कागज़ आया?"

आलाय. मातलेचा माल, चाळीस पोती,
कोलंबोचा निळा शिक्का, उगमाचा दाखला.
लवंग याच बेटावरची, दुसरीकडची नाही,
असं एका सरकारने दुसऱ्या सरकारला
शपथेवर सांगितलेलं.
सही, तारीख, गलबताचं नाव जुळलं
की शुल्काच्या रकान्यात मी लिहिते
शून्य.

आडनाव उगाच नाही पडलं आमचं.
खापरपणजे होळकरांच्या नाक्यावर बसत,
नर्मदेच्या उताराशी.
बैलामागे इतके, गोणीमागे तितके,
मिठाच्या गोणीवर चिमूटभर जास्त.
(ही चिमूट घरात कुणी बोलत नाही,
पण चांदीची ताटं होती.)
नदी ओलांडा, पैसे टाका. वेस ओलांडा, पुन्हा टाका.
आणि त्यांची मी सहावी पिढी
पगार घेते तो
जकात न घेण्याचा.

तिकडच्या टेबलावर इंद्राणी विजेकोन.
अकरा वर्षं झाली, भेट नाही.
दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं,
म्हणून जोडीने चालतं.
तिने कळवलंय: कळी गुलाबी झाली की त्याच दिवशी तोडायची,
उमललं तर फूल, आणि फुलाला भाव नाही.
शिडीवर सोमावती चढते. वय बावन्न.
मागच्या हंगामानंतर तिने छप्पर बदललं,
धाकटी नर्सिंगला गेली.
मी विचारलं, शून्यामुळे?
उत्तर दोन दिवसांनी आलं.
थोडं शून्यामुळे. थोडं ऊन वेळेवर पडलं म्हणून.
बाकी तिच्या गुडघ्यांमुळे.

नागरकोविलचा दलाल मात्र
दर पौषात फोन करून भांडतो.
तुमच्या शून्याने आमचा भाव पडला, म्हणतो,
आमच्याकडेही शिड्या आहेत, गुडघे आहेत.
मी ऐकून घेते. फोन मी आधी ठेवत नाही.
त्याचा रकाना माझ्या फॉर्मात नाही,
एवढंच त्याला सांगता येत नाही.

एकदा कागद लंकेचा आला, लवंग झांझिबारची.
तय्यबभाईंनी दाताखाली धरली आणि थुंकली.
"बाई, ये झूठ बोल रही है."
भाव चांगला होता. पोती जिन्याखाली रचलेली होती.
त्यांनी तरी परत पाठवली
आणि आठवडाभर चिडचिड केली
माझ्यावर.

इंद्राणीने विचारलं होतं,
एवढ्या लवंगेचं तुम्ही करता तरी काय?
काय सांगू? इंदूरला पोह्यावर शेव,
चहाबरोबर शेव, पाहुणा उठताना शेव,
आजारातून उठल्यावर पहिल्यांदा तोंडाला चव येते
तीही शेवेनेच.
शेवटी अर्धा किलो लवंग शेव
पिशवीत पिशवी घालून पोस्टाने धाडली.

कोलंबोत ती अडकली.
फरसाण यादीत नाही म्हणे.
करारात लवंग यायला मोकळी,
शेव होऊन परतायला नाही.
अठरा दिवस गोदामात,
मग इंद्राणीने शुल्क भरून सोडवली.
किती भरलं ते सांगेना.
मी खरंच लाजले. खापरपणजे कुठूनतरी
खाकरल्यासारखे वाटले.

काल तिची मेल.
शेव थोडी मऊ पडली होती, तरी संपली.
मूठभर सोमावतीला नेऊन दिली.
तिने आधी हुंगली, मग खाल्ली,
मग बराच वेळ बोटं हुंगत बसली.
म्हणाली, लवंग आपल्याच बाजूची आहे,
पण माझ्या झाडांची नव्हे.
पलीकडच्या टेकडीवरची असेल.