डोळे मिटून

कन्ना चौकातल्या दुकानात
छताला एकोणीस दिवे पेटलेले, भर दुपारी.
बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आत हा उजेड.
गुरुसिद्ध म्हणाला, मावशी, हा घ्या.
एकदम स्लिम. सीलिंगला चिकटून बसतो,
दिवा कुठं आहे ते कळतसुद्धा नाही.

मी म्हटलं, आणि गेला तर?

जात नाही. पन्नास हजार तास.

पन्नास हजार तास म्हणजे काय ते मला नको सांगू.
चौतीस वर्षं कांड्या भरल्या मी
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
त्याहून जास्तच भरतील.
आणि मी गेलेच की.
आधी उजवा खांदा, मग कान.

आमच्या शेजारी रेणुका कोडमच्या हॉलात
असाच स्लिम होता.
चौदा महिन्यांत डोळा मारायला लागला,
पंधराव्यात मिटला.
वॉरंटी होती, मॉडेल नव्हतं.
दुसरा आणला तर भोक मोठं, दिवा लहान.
पीओपीवाला म्हणाला, पूर्ण पट्टा फोडावा लागेल.
आता तिथून दोन वायरी लोंबतात, टेप गुंडाळलेल्या,
आणि रेणुका पाहुण्यांना त्या बाजूला बसवत नाही.

धोट्यातली कांडी संपते.
संपणारच, त्यासाठीच असते ती.
माग थांबतो, हात जातो,
रिकामी बाहेर, भरलेली आत,
आणि चादरीवर अर्धा राहिलेला मोर
पुन्हा पुढं सरकतो.
कांडी संपली म्हणून धोटा फेकणारा मालक
मी पाहिला नाही,
आणि मालक मी बरेच पाहिले.

गुरुसिद्धनं मागच्या फळीवरनं एक खोका काढला,
फुंकर मारली, स्वतःच शिंकला.
पांढरी वाटी. आत दोन खाचांचा होल्डर.
वर दुधी झाकण, फिरवलं की हातात येणारं.
हे कुणी नेत नाही आता, म्हणाला.
आत कुठला बल्ब?
साधाच. नऊ वॅट. तुमच्या घरकुलातल्या किराणावाल्याकडंही मिळेल.

मी म्हटलं, स्टूल दे.
चढले. त्याच्या पोरानं वाटी भिंतीला उंच धरली.
मग मी डोळे मिटले.
काय करलाव मावशी? पोरगा हसला.
दिवा जातो तेव्हा अंधारच असतो की बे.

झाकण निघालं. दाबलं, फिरवलं, बल्ब तळहातात.
परत बसवताना पिना खाचा चुकल्या,
एकदा, आणि एकदा.
गिऱ्हाईकं थांबून बघत होती, हे मला न बघता कळलं.
मग बोटांना सापडलं.

तीन घेतले. घासाघीस करून चाळीस रुपये कमी,
वर एक जादा बल्ब.

घरी सत्तय्या म्हणाला, हे काय, बाथरूमचं आणलंस हॉलला?
त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
दुसऱ्याची तारीख दोनदा पुढं गेली.
श्रावणमासात मी लेकीकडं जाणार, हैदराबादला,
तेव्हा तो एकटा, आणि जादाचा बल्ब कपाटात, पितळी डब्यामागं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
जेवणं झाल्यावर मेन बंद केला
आणि म्हटलं, चढ.

मी स्टूल धरून उभी.
काळोखात त्याचा गुडघा माझ्या कपाळाला लागत होता.
तीनदा चुकला.
तेलुगूत माझ्या माहेरचा उद्धार झाला,
सासऱ्यांपासून थेट धाकट्या भावापर्यंत.
बाहेर कुणाच्या तरी मागाची खटखट चालू होती,
त्यांच्याकडं लाइट होती.

चौथ्यांदा, वरून, बारीकसा आवाज आला. खट्.

मी मेनकडं जायला वळले.
थांब, म्हणाला.
लावू नको एवढ्यात.
परत एकदा काढून बघतो.