मौला मिस्त्रीची दांडी

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यामागं
मौला मिस्त्रीनं माझ्या गाडीला दांडी बसवली.
पुढं ढकलली की ब्रेक,
ओढली की गाडी पळते.
"एवढंच हाय बघ ताई," म्हणाला,
"बाकी समदं रस्त्याला ठावं असतंय."
दांडीच्या टोकाला त्यानं सायकलची मूठ चढवली,
लहान पोरांच्या सायकलची, हिरवी, झालर असलेली.
दुसरी नव्हती त्याच्याकडं.

नायना खड्ड्याच्या मागावर बसायचा.
कमरेपर्यंत जमिनीत,
वर नुसते हात आणि डोकं,
आणि इकडून तिकडं पळणारा धोटा.
तेव्हा मला वाटायचं, त्यालाही पाय नाहीत.
बरं वाटायचं.
मग एकदा तो दुपारचा जेवायला उठला,
वर येतच राहिला, येतच राहिला,
आणि मला ओलांडून
चालत गेला मोरीकडं.

हत्तुरे सर पहाटे होटगी रोडला नेतात.
विमानतळाच्या भिंतीला लागून रस्ता मोकळा असतो,
एखादं गाढव, दोन चालणारे पेन्शनर.
डावा हात दांडीवर,
उजवा स्टीअरिंगच्या लाकडी लट्टूवर,
हॉर्नला हात उरत नाही.
"कोपरानं मार," सर म्हणतात.
"कशाला घाबरलालीस?"
स्वतः मात्र डाव्या सीटवर बसून
पायाखालचं रबर दाबत असतात, दाबतच असतात,
तिथं काहीच नाही तरी.
गाडीत चालणारे पाय दोनच,
दोन्ही सरांचे,
आणि दोन्ही बिनकामाचे.
मला हसू आलं की गाडी वाकडी जाते.

वीस वर्षं रिक्षानं गेले बँकेत.
रिक्षावाला आधी कुबड्या आत टाकायचा, मग मला.
उतरताना आधी मला, मग कुबड्या,
आणि त्या दोन्हींच्या मधे
सात रस्त्याच्या फुटपाथवर
दुकानाचं शटर धरून मी उभी.
किती वेळ असेल तो? चार सेकंद.
वीस वर्षांचे मोजले नाहीत.

विजापूर रोडच्या ऑफिसात साहेबानं विचारलं,
"सोबत कोण आलंय?"
म्हटलं, गाडी.
त्यानं मान वर करून पाहिलं,
मग दांडी ओढून पाहिली, झालर पाहिली,
फॉर्मवर काहीतरी लिहिलं बराच वेळ.
मे महिना. पायातला कॅलिपर इतका तापलेला
की त्यावर कडक भाकरी भाजली असती.
माझ्या आधीच्या पोरानं वळणावरचा ड्रम पाडला,
सगळे खो खो हसले.
मग मी पाडला.
कुणीच हसलं नाही.
नापास झाल्याचं दुसऱ्या दिवशी विसरले.
ते न हसणं
अजून कुठंतरी रुतलंय, चपलेतल्या खड्यासारखं.

जुलैत पास झाले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
फोटोत डोळे मिटलेले आलेत.

परवा आसरा चौकात सिग्नल सुटला
आणि मी दांडी ढकलली, ओढायच्या ऐवजी.
मागून एक मोटरसायकलवाला खिडकीशी आला,
पाठीवर सुताची गाठोडी, तोंडात मावा.
"दिसंना का मावशे, आंधळी हाय का बे!"
आणि गेला.
त्याला काचेतून दिसलं तेवढंच दिसलं,
दोन हात आणि डोकं.
आंधळी म्हणाला.
आंधळी!
कंबर तलावापर्यंत मी एकटीच हसत होते,
आणि गाडी, कशी कोण जाणे, सरळ चालली होती.

घरी आले तर पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं,
गल्लीभर घागरी, पाइप, भांडणं.
मागं हात घातला,
एक कुबडी सीटखाली सरकलेली, पोचेना.
पद्मा गाडीत अडकलीय हे कुणाच्या ध्यानातही नाही.
थोडा वेळ बसून राहिले.
इंजिन टिकटिक करत गार होत होतं.
मग हात मोकळे होते तरी
हॉर्न मारला,
कोपरानं.