राखेचं पाणी

आई राखेचं पाणी जिभेच्या टोकानं चाखते.
जीभ चुरचुरली की झालं,
नाही तर पुन्हा चुलीवर.
चाळीस वर्षं तिची प्रयोगशाळा एवढीच:
तमाले शहर, सकासाका वस्ती, कडुनिंबाखाली तीन दगड,
भुईमुगाच्या टरफलांची राख, शिया बटर,
आणि हार्माटनचा कोरडा वारा,
ज्यात आधी ओठ फुटतात, मग टाचा, मग माणसं एकमेकांवर.

नर्सिंगला लागले तेव्हा मी तिला जमिनीवर काडीनं काढून दाखवलं:
हे डोकं. याला पाण्याची ओढ.
ही शेपटी, अठरा कार्बनांची. ही पाण्याला भिते.
म्हणून हा रेणू कायम तळ्यात-मळ्यात,
ना धड इकडचा, ना तिकडचा,
आणि म्हणूनच मळ निघतो.
आई ढवळत होती. तोंडाला फेस यायची वेळ आलेली.
म्हणाली, सून असते तसं.

रहिनातूचं बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलं.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
आई हातानंच वजन ओळखते; म्हणाली, दोन गोळे, थोडे कमीच.

त्याच्या फुप्फुसात तो रेणू अजून बनायचा होता.
श्वास सोडला की आतले फुगे मिटायचे,
ओल्या पिशवीच्या बाजू चिकटाव्यात तसे.
पाणी पाण्याला ओढतं. त्यात कुणाचा दुष्टावा नाही.
पण आपल्याला जो पहिला श्वास एकदाच घ्यावा लागतो
तो हे बाळ मिनिटाला सत्तर वेळा घेत होतं.
बरगड्या आत जायच्या,
नाकपुड्या फुलायच्या,
मी मोजायचे. मोजणं मला शिकवलेलं आहे.

औषध अक्राहून आलं, रात्रीच्या बसनं,
याकुबू ड्रायव्हरच्या सीटखाली, थर्मासमधल्या बर्फात.
भावाची मोटरसायकल त्यात विरघळली होती.
आईनं विचारलं, कशाचं असतं हे?
मला खोटं बोलता आलं असतं.
गाईचंही मिळतं तसलं औषध.
पण बाटलीवर होतं ते मी वाचलं:
डुकराच्या फुप्फुसातून.

रहिनातूनं माझ्याकडे पाहिलं नाही.
पंखा फिरत होता.
आई तळहाताकडे बघत राहिली,
राखेनं रेषा पुसलेल्या तळहाताकडे.
मग म्हणाली,
मेलेल्या मेंढीची खवट चरबीसुद्धा
राखेच्या पाण्यातून गेली की साबण होतो.
मग त्याला कोणी विचारत नाही,
तू आधी कोणाची चरबी होतास.
दे.

मला माहीत होतं, हे तसं नाही.
इथे राख नाही, चूल नाही, काही पालटलेलं नाही.
धुतलंय, गाळलंय, वेगळं केलंय, इतकंच.
तो रेणू तिथेही हाच होता:
एक डोकं, सोळा-सोळा कार्बनांच्या दोन शेपट्या.
तीच शेपटी शियातही असते, थोडीशी.
आणि सहा-सात आठवडे आणखी मिळाले असते
तर बाळानं ती स्वतःच घडवली असती,
कुणाला न विचारता.
मी काहीच बोलले नाही.

अडीच मिलिलीटरही नाही. दुधासारखं.
मुठीत धरून कोमट करायचं, हलवायचं नाही,
हलवलं की फेस होतो.
ज्या बाईनं जन्मभर ढवळलं
तिच्या मुलीनं ती बाटली अशी धरली होती
जशी आत कुणी झोपलंय.

सुतासारखी नळी.
एकाहत्तर.
एकाहत्तर.
अडुसष्ट, आणि डॉक्टर ओफोरींनी दात आवळले.
चौऱ्याहत्तर.
त्र्याऐंशी.
मग मी मोजायचं विसरले,
हे नोंदवहीत लिहिलेलं नाही.

सकाळी वॉर्डच्या बेसिनवर,
जिथला साबण मंगळवारीच संपला होता,
केळीच्या पानात एक काळा, मऊ गोळा होता.
मी हात धुतले.
टरफलाचा एक कण न जळता राहिला होता,
बोटांना खरखरत होता.