शेरा: दार बंद

सांतिनेजच्या खाडीमागे, बोळात,
चौदा मीटर होते. एकोणीस वर्षं मी ते वाचले.
लाकडी फळी, कोळिष्टकं, काचेआड फिरणारी चकती,
तिच्यावर लाल खूण. खूण भराभर आली
की समजायचं, घरात काहीतरी चाललंय.

फेर्मीना रॉड्रिग्ज लग्नाचे झगे इस्त्री करायची.
ईस्टर उलटला की तिचे आकडे चढायचे,
आणि पावसाळ्यात असे निजायचे
की मीच हाक मारायचो, "बरी आहेस ना?"
हळदणकराचा रेडिओदुरुस्तीचा कोनाडा:
महिन्याला अकरा युनिट, कधी नऊ.
दामू कांदोळकराचा फ्रीझर. त्यात बांगडे,
आणि एकदा, सासू वारली तेव्हा,
मुंबईहून लेक येईपर्यंत लागणारा बर्फ.

दामूच्या मीटरातून एक पिवळी वायर
न्हाणीच्या छपरावरून मागच्या खोलीत जायची.
तिकडे फकिरप्पा तळवार, बायको, दोन मुली,
एक दिवा, एक पंखा, परीक्षा असली की दुसरा दिवा.
नियमाने ती वायर लिहायला हवी होती.
मी दर महिन्याला बघायचो आणि वही मिटायचो.
त्याची बायको ताक द्यायची म्हणून नव्हे.
(थोडं ताकासाठीही.)

मग खाडी साफ करायचं ठरलं.
मोठं चित्र लागलं: बाकं, दिवे, सायकलवर एक मुलगी,
आणि निळं पाणी. ते पाणी मी जन्मात निळं पाहिलेलं नाही.
पण वास गेला. डासही कमी झाले.
खोटं कशाला बोलू.

यादी करायला माणसं आली. म्हणाली,
इथे राहतो याचा पुरावा काय? विजेचं बिल.
म्हणजे माझी वही.
चौदा नावं उतरवून घेतली, खाली सही माझी.
पंधरावं घर
माझ्या चांगुलपणामुळे कुठेच नव्हतं.

रस्ता तीनदा खणला. तिसऱ्यांदा केबल घातली
तेव्हा चरात कमरेपर्यंत फकिरप्पा उभा, रोजावर.
मला बघून हसला.
मी काठावर, काखेत वही.

आता तिथे सात मजले. बासष्ट मीटर
तळाच्या एका खोलीत, ओळीने, जाळीआड.
कुत्रं अंगावर येत नाही, दहा मिनिटांत काम आटोपतं.
अकरांचे आकडे सरकतात.
बाकीचे गेल्या महिन्यात होते तिथेच.
मालक दिल्लीत, हैदराबादेत, एक दुबईत;
नाताळात चार दिवस येतात, एसी लावतात, जातात.
शेऱ्याच्या रकान्यात मी सवयीने लिहितो: दार बंद.
दार कसलं आहे, ते मी पाहिलेलंही नाही.

साहेब विचारतात, त्या भागाची प्रगती काय?
मंजूर लोड तिप्पट, साहेब.
वापर निम्मा.

फेर्मीना पाचव्यावर. बादल्या मांडणं संपलं.
लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात ती केस सारखे करते.
"सुख आसा रे," म्हणते. आणि जरा थांबून,
"झगा घेऊन आलेल्या पोरीला वॉचमन खाली अडवतो.
कुणाकडे, कशाला, इथे सही कर.
दोघी तशाच परत गेल्या."
ईस्टर उलटून महिना झाला. तिचे आकडे चढलेले नाहीत.
हळदणकराने पैसे घेतले आणि मेर्शीला गेला,
रेडिओ वजनावर विकून.

परवा कदंब स्टँडवर फकिरप्पा भेटला.
चिंबलला असतो. थोरली नर्सिंग शिकते.
दिवा शेजारच्या मीटरातून; पुन्हा वायर, या वेळी काळी.
"साहेब," म्हणाला, "ही लिहा.
दंड झाला तर भरतो. पण लिहा."

चिंबल माझ्या हद्दीत येत नाही.
तरी वही उघडली होती, पेनाचं टोपण काढलं होतं,
तेवढ्यात त्याची बस लागली.