आ नसलेला फोन

फेब्रुवारीत फोन माझ्या बजाजीतून पडला,
किगाम्बोनीच्या फेरीच्या धक्क्यावर, माशांच्या बर्फात.
जगला. पण डाव्या काठाची एक पट्टी मेली,
बोट कितीही दाबा, तिथं काही उमटत नाही.
त्या पट्टीत झ राहायचा, आणि आ.

झ गेला, ठीक आहे.
पण आ?
आमच्या स्वाहिलीत आ म्हणजे मीठ,
कुठल्याही शब्दाचं झाकण काढा, तळाशी तो असतोच.
आईला आम्ही मामा म्हणतो.
माझ्या फोनात ती आता मम.
हाबारी विचारायला जावं, तर हबरी.
झुवेनाची उवेन झाली.
तिला ते आवडलं. म्हणाली,
लग्नाआधीच कुणी असं बोलवायला हवं होतं.
मग तिचा फोन धडधाकट असून
तीही काना गाळून लिहायला लागली:
येतन कोळस. चह. सबण.

अथुमानीला मात्र लाज वाटते.
चौदा वर्षांचा आहे, त्याला सगळ्याचीच वाटते.
म्हणतो, शाळेच्या ग्रुपवर तुम्ही लिहिता
आणि मी बाकाखाली जातो.

एक गोष्ट मला जूनपर्यंत कळलीच नाही.
होकाराला आमच्याकडे न्दियो म्हणतात,
त्यात आ नाही.
नकाराला हापाना.
तीन आ, ओळीनं.
हपन लिहिलं तर समोरचा म्हणेल, काय?
पुन्हा समजावा, पुन्हा तेच.
त्यापेक्षा न्दियो लिहून मोकळं व्हावं.

असा मी पाच महिने हो म्हणत आलो.
रात्री साडेबाराला, म्बागालाच्या चिखलात, हो.
मेव्हण्याला इंजिनासाठी उसने, हो.
स्टँडवरच्या भिशीचा खजिनदार कोण, तर मी,
कारण ग्रुपवर विचारलं तेव्हा
बाकीच्या सगळ्यांच्या फोनात आ होता.
शेजाऱ्याची बकरी अजून आमच्या दारात बांधलेली आहे,
तो डोडोमाहून कधी येणार, देव जाणे.

तेव्हा शनिवारी गेलो कारियाकूला, मासावेच्या दुकानात.
तो म्हणाला, साठ हजार शिलिंग आधी,
मग रोजचे दोन हजार, वर्षभर.
एक दिवस चुकला
की फोनची आपोआप दातखीळ बसते,
पैसे भरले की पुन्हा बोलतो.
मी मनात म्हटलं, हा तर माझ्या सासऱ्यासारखा.

त्यानं नवा फोन हातात दिला.
केवढा गुळगुळीत! बोट ठेवायच्या आधीच अक्षर हजर.
मामा लिहिलं. पूर्ण आली, पदर सावरून बसलेली.
झुवेना लिहिलं.
मतदार कार्डावरची वाटली,
जिच्याशी बोलताना मी उभा राहीन, अशी.

मग, करू का कागद? मासावे म्हणाला.
मागचं टायर गुळगुळीत झालंय, तेही आठवलं.
सप्टेंबरची फी.
मेव्हण्याचं इंजिन, जे अजून घरघरतच आहे.
मी त्याच्याच फोनवर लिहिलं
हापाना
तिन्ही आ कसे मुकाट्यानं आले,
आणि फोन त्याच्यापुढे धरला.

तो हसला. तोंडानं सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

तोंडानं मला कधी जमलंय, बाबा.

बाहेर आलो, बजाजीत बसलो.
सीट तव्यासारखी तापलेली.
खिशात जुना फोन थरथरला:
घेतल क?
मी सवयीनं न्दियोवर बोट नेलं, थांबलो.
मग जसं जमेल तसं लिहिलं, हपन,
आणि पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं: बरं झलं.

मागून भाजीचा हातगाडीवाला ओरडत होता, सरक पुढे,
तरी मी त्या दोन शब्दांकडे बघत बसलो.
म्हणजे हपन
सगळ्यांना कळलं असतं तर.